दसऱ्यापर्यंतची बाटली

बाटली दसऱ्यापर्यंत पुरेल असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. गणपती उठले त्याच आठवड्यात ती तळाला गेली. कोकिळाने ती दारातल्या उजेडात आडवी धरून पाहिली. काचेच्या कडेला हिरवट तेलाची रेघ तेवढी उरली होती. सकाळचे थेंब कसेबसे निघाले होते. संध्याकाळचे निघतील की नाही, सांगता येत नव्हतं.

"उद्या यवतमाळले जा लागते," ती म्हणाली.

तिचा नवरा धर्मपाल बाजेवर पडून होता. त्याचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. दोन वर्षांपूर्वी खाणीतली पाळी संपवून घरी येताना, राजूरच्या रस्त्यावर तो कोळशाच्या टिपरखाली आला होता. जखम भरली, कातडी जुळली, पण पाय दुखायचा थांबला नाही. जो पाय राहिला नव्हता तोच दुखायचा. त्या पायाची बोटं कोणीतरी पिळून काढतंय असं त्याला वाटायचं आणि मग तो उशीचा कोपरा दातात धरून पडायचा.

"राहू दे," तो म्हणाला. "कमी हाय आता थोडं."

"कमी हाय? मंग दुपारी कोण कण्हत होतं?"

त्याने भिंतीकडे तोंड केलं.

कोकिळाला भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. औषध विजयाचं होतं, म्हणजे भांगेच्या पानापासून काढलेलं. डॉक्टरांची नवी चिठ्ठी असल्याशिवाय दुकानदार ते देत नसे, आणि नव्या चिठ्ठीची तारीख अजून लांब होती. बाटली लवकर का संपली हे सांगावं लागणार होतं. सांगण्यासारखं एकच होतं: तिने न विचारता थेंब वाढवले. पहिल्या बाटलीने धर्मपालला चांगला गुण आला होता, तो रात्रभर झोपायला लागला होता. दुसऱ्या बाटलीला काय झालं कोण जाणे, कण्हणं पुन्हा सुरू झालं. ती आधी दोन थेंब जास्त द्यायला लागली, मग चार, मग मोजणंच सोडलं. आधी नागपूरच्या दवाखान्यातून मिळालेल्या गोळ्यांनी त्याला ओकाऱ्या व्हायच्या. हे औषध बंद झालं तर पुढे काय करायचं, ते तिला माहीत नव्हतं.

वस्तीत तिने कोणाला औषधाचं नाव सांगितलं नव्हतं. कोणी विचारलं तर ती म्हणायची, आयुर्वेदिक तेल आहे. ती अंगणवाडीची सेविका, आणि धर्मपाल म्हणजे विहारात दर रविवारी वंदना सांगणारा माणूस. भांग हा शब्द त्यांच्या घराला चिकटला असता तर पुसता आला नसता.

दुसऱ्या दिवशी दोघं वणीहून यवतमाळच्या बसमध्ये बसले. बाटली आणि जुनी चिठ्ठी कोकिळाने रुमालात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवली होती. मारेगावला एका तरुण पोराला दोन माणसांनी धरून वर चढवलं. त्याच्या डोळ्यांवर ओला फडका होता आणि तोंडातून लाळ गळत होती. कंडक्टरने न सांगता पुढची सीट रिकामी करून दिली.

"फवारणी," त्याची आई कोणी विचारायच्या आधीच म्हणाली. "पऱ्हाटीत गेलता. कालपासून दिसून नाई राह्यलं त्याले."

त्या साली असे रोज कोणीतरी चढत होते. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, बोंडात अळी पडली होती, आणि कीटकनाशक फवारणारे लोक एकेक करून यवतमाळच्या दवाखान्यात जाऊन पडत होते. खिडकीबाहेर दोन्ही बाजूंना तीच हिरवीगार पऱ्हाटी होती. कोकिळाला तिकडे पाहवेना.

करंजीच्या अलीकडे बस थांबली. पोलिसांनी रस्त्यात लोखंडी कठडे लावले होते. तेलंगणातून गांजा येतो म्हणून हायवेवर तपासणी होती. देवसिंग नावाची पट्टी छातीवर लावलेला एक जमादार आत आला आणि एकेक पिशवी चाचपत मागे सरकू लागला. पिशवी पायाखाली सरकवावी की मांडीवर तशीच राहू द्यावी, हे ठरेपर्यंत तो समोर उभा होता.

त्याने रुमाल सोडला, बाटलीचं बूच काढलं आणि वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"हे काय हाय?"

"तेल हाय साहेब," कोकिळा म्हणाली. "यायच्या पायाचं. मालिशचं."

"मालिशचं नाई," धर्मपाल शेजारून म्हणाला. त्याचा आवाज वंदनेसाठी कमावलेला होता, हळू बोलला तरी शेवटच्या सीटपर्यंत जायचा. "पोटात घ्याचं हाय. भांगेपासून बनवतेत. डॉक्टरची चिठ्ठी हाय आमच्यापाशी."

बसमधल्या माना वळल्या. कोकिळाने पदर पुढे ओढला. वणीपासून बसलेल्यांत ओळखीचं कोणी आहे का, हे तिला मागे वळून पाहायचं होतं आणि पाहायचं धाडस होत नव्हतं.

जमादाराने चिठ्ठी उलटसुलट वाचली. "हे तं दसऱ्यापर्यंतचं औषध दिसते. एवढ्यातच संपलं? कुठं गेलं?"

"दुखणं वाढलं साहेब. म्या जास्त देल्लं."

"डॉक्टरले विचारून?"

कोकिळाने मान खाली घातली. त्याने चिठ्ठीवरचा नंबर लावला. फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही. त्याने पुन्हा लावला. पुढच्या सीटवरचं पोरगं ओकायला लागलं आणि त्याची आई कोणालाच उद्देशून नसल्यासारखी म्हणत राहिली, "चाला ना बापा, चाला ना."

धर्मपालने कुबड्या ओढून घेतल्या. "साहेब, बस जाऊ द्या. त्या पोराले दवाखान्यात न्या लागते. आमी दोघं उतरतो इथं."

ते उतरले आणि बस निघून गेली. कठड्यापाशी पोलिसांच्या छत्रीखाली एक प्लास्टिकची खुर्ची होती, जमादाराने ती धर्मपालला दिली. कोकिळा उन्हात उभी राहिली. ट्रक थांबत होते, तपासले जात होते, पुढे जात होते. ठाण्यात नेतील, तिला वाटलं. वर्तमानपत्रात येईल. अंगणवाडीतून काढतील. नेरला दिलेल्या मुलीच्या, मोनालीच्या, सासरी कळेल.

"खोटं कायले बोलली?" धर्मपालने हळूच विचारलं.

"तुमच्यासाठीच बोलली ना."

"खोटं नाई बोलाव."

तिला त्याचा राग आला, पण इथे भांडण्यात अर्थ नव्हता.

बऱ्याच वेळाने डॉक्टरांचा फोन उलटा आला. जमादार बाजूला जाऊन बोलला. कोकिळाला तुटक ऐकू येत होतं: हौ मॅडम, लंगडा माणूस हाय, बाई संग हाय, बाटली रिकामी हाय. परत येऊन त्याने बाटली तिच्या हातात दिली.

"तुमचेच पेशंट हायेत म्हणते. जा. पण मॅडम म्हणे, मलेही बोलायचं हाय त्यायच्याशी."

मागून आलेल्या बसला त्याने हात दाखवून दोघांना चढवलं. जोडमोह्याचा घाट संपेपर्यंत कोकिळा मॅडमचं तेच एक वाक्य मनात घोळवत बसली होती.

डॉ. ममता यांचा दवाखाना गावातल्या एका बोळात, पहिल्या मजल्यावर होता. धर्मपाल जिना बसून बसून चढला. डॉक्टरांनी त्याची नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांत टॉर्च मारला, गुडघ्याखाली उरलेलं टोक दाबून पाहिलं. नंतर खुर्चीत मागे टेकल्या. एरवी त्या पेशंटशी हसून बोलत. आज हसल्या नाहीत.

"कोकिळाताई, किती थेंब देत होता?"

कोकिळाने सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वाढवताना विचारायला हवं होतं, चूक झाली, असंही म्हणाली.

"एवढे थेंब रोज यांच्या पोटात गेले असते," डॉक्टर म्हणाल्या, "तर यांना उठवलं नसतं. तोंड कोरडं पडलं असतं, तोल गेला असता, दिवसभर झोप आली असती. यांची जीभ ओली आहे. डोळे स्वच्छ आहेत. बोलणं तर माझ्यापेक्षा खणखणीत आहे. आणि दुखणं पहिल्या दिवशी होतं तसंच आहे. म्हणजे औषध यांच्या पोटात गेलेलंच नाही."

"म्या माह्या हातानं देल्लं मॅडम."

"मग गेलं कुठे?"

कोकिळाला तो प्रश्न समजायला थोडा वेळ लागला. समजला तेव्हा तिचे कान तापले.

"म्या इकलं नाई मॅडम."

"तुम्ही विकलं असं मी म्हणत नाही. पण हे औषध बाहेर गेलं तर उद्या मला ते कोणासाठीच लिहिता येणार नाही. मला कळल्याशिवाय मी आज नवी चिठ्ठी देणार नाही."

कोकिळाने धर्मपालकडे पाहिलं. तो कुबडीच्या रबरी बुडाकडे पाहत होता.

"तुमी तरी सांगा ना यायले. रोज देतो की नाई म्या?"

"देते," तो म्हणाला. मग घसा खाकरला. "ते देते मॅडम. म्या थुकून देत होतो."

कोकिळाला आठवलं. जिभेखाली थेंब सोडले की तो लगेच कुबड्या घेऊन उठायचा, बाहेर नळाकडे जायचा. ती काही विचारायची तर तोंड मिटूनच 'हूं' म्हणायचा. तिला वाटायचं औषध कडू आहे म्हणून बोलत नाही. आणि ती चूल पेटवायला वळायची.

"काहून?" तिने विचारलं. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

"मागच्या खेपेस खालच्या दुकानदारानं सांगतलं, विजया म्हणजे भांग. मले पहिले माहीत नव्हतं." तो डॉक्टरांशी बोलत होता, तिच्याशी नाही. "आमी पंचशील घेतो मॅडम. पाचवं शील नशेचं हाय. नशा आणणारं काहीच घेणार नाई म्हणतो. म्या नुसतं म्हणत नाई, सांगतो. रविवारी म्या पुढं म्हणतो अन् माह्यामागून सारे म्हणतेत. खाणीतल्या किती जनाची दारू म्या सोडवली, तुमी राजूरात कोणालेही विचारा. त्यायच्यासमोर हे पोटात घेऊन कसं बसू?"

"पण हे औषध आहे. नशेसाठी नाही, दुखण्यासाठी घेता."

"असन मॅडम. तुमचं बरोबरच असन. पण पहिल्या बाटलीनं मले बरं वाटे. दुखणं कमी होये ते तं होयेच, पण असंच बरं वाटे. त्याचं मले भेव वाटलं."

"अन् मले रोज फसवलं, ते?" कोकिळा म्हणाली. "म्या रात्रंदिवस जिवाले खाऊन राह्यली का औषध काहून लागू पडत नाई. तिकडं रस्त्यात मले म्हणता खोटं नाई बोलाव. हे कोणत्या शीलात बसते?"

धर्मपालने पुन्हा कुबडीच्या बुडाकडे पाहिलं.

डॉक्टर उठल्या. "बाहेर बाकावर बसा. तोवर मी दुसरे पेशंट पाहते. कोकिळाताईंनी मागितलं म्हणून मी लिहिणार नाही. तुम्हाला हवं असेल तर तुम्ही येऊन मागा. नको असेल तर तेही सांगा, मग दुसऱ्या गोळ्या पाहू, पण त्या तुम्हाला सोसतील असं मी म्हणत नाही."

बाहेरच्या बाकावर ती त्याच्यापासून थोडी लांब बसली. तिच्या मनात राग होता आणि रागाच्या खाली भीती तशीच होती. हा नाही म्हणेल, तिला वाटत होतं. हा हट्टी माणूस आत जाईल आणि नको म्हणून सांगेल, आणि आपण पुन्हा ते कण्हणं ऐकत बसू. त्याला समजवून उपयोग नव्हता. तिने दिलेलं तो थुंकला होता.

तेवढ्यात त्याला कळ आली. त्याने बाकाची कड धरली, मान खाली घातली. नसलेल्या पायाकडे त्याचा हात गेला आणि हवेत थांबला. शेजारची म्हातारी घाबरून सरकली. कोकिळाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. राग होता तरी ठेवला. पाठ घामाने ओली झाली होती.

कळ ओसरली तेव्हा तो म्हणाला, "चार म्हणतो."

"काय?"

"चार शीलं म्हणतो. पाचव्याले चूप बसतो. जोवर घेतो तोवर."

"लोक विचारतीन."

"सांगीन."

"काय सांगसान?"

"हाय ते."

तिला ते नको होतं. तिला त्याने मुकाट औषध घ्यावं आणि मुकाट पाचही शीलं म्हणावीत असं हवं होतं, जगात असं कितीतरी लोक करत असतील. पण तसं ती म्हणाली नाही. तो उठून आत गेला. दार अर्धं उघडं राहिलं, म्हणून तिला ऐकू आलं.

"मले द्या मॅडम," तो म्हणाला. "मले सोसवत नाई."

डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली, पण लहान बाटलीची आणि कमी थेंबांची. थेंब त्याने स्वतः मोजून घ्यायचे, कोकिळाने हात लावायचा नाही, आणि रिकामी बाटली घेऊन पुन्हा दोघांनी यायचं. खाली दुकानदाराने चिठ्ठीवरची तारीख दोनदा वाचली, वर डॉक्टरांना फोन करून विचारलं, तेव्हा बाटली काउंटरवर ठेवली.

परतीच्या बसमध्ये, सुटण्याआधी, धर्मपालने बूच काढलं, मान वर केली, थेंब जिभेखाली सोडले. बराच वेळ तोंड मिटून बसला. मग त्याने गिळलं. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली तिने पाहिली.

"तोंड उघडून दाखवू का?"

"नका दाखवू," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

रविवारी ती विहारात बायकांमध्ये बसली. धर्मपाल नेहमीच्या जागी, पुढे, मूर्तीसमोर बसला होता. त्याने वंदना सुरू केली आणि सगळे त्याच्यामागून म्हणू लागले. चौथं शील झालं आणि तो थांबला. लोकांना वाटलं दम घेतोय. मुलं मागे वळून आईकडे पाहायला लागली. तो थांबूनच राहिला, हात जोडलेले, मान ताठ. शेवटी वयाने मोठे असलेले इंद्रजितदादा मागून पाचवं शील म्हणाले आणि बाकीच्यांनी त्यांचा सूर धरला. पाचव्या शीलात विहारात फक्त एकाचा आवाज नव्हता, आणि तो कोणाचा हे प्रत्येकाला कळत होतं.

वंदना झाल्यावर इंद्रजितदादा त्याच्याजवळ आले. "घसा बसला का?"

"नाई दादा." आणि धर्मपालने सांगितलं. औषधाचं नाव, ते कशापासून बनतं, आधी थुंकत होतो तेही. दहापंधरा माणसं ऐकत उभी होती. त्यांतल्या दोघांची दारू त्यानेच सोडवली होती.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. "औषध घे तू. त्याच्यात वाईट काही नाई. पण पुढं बसून अर्धं म्हणणं बरं दिसत नाई. लेकरं पाह्यतेत. बरं वाटेपर्यंत दुसरा कोणी म्हणन."

"हौ," धर्मपाल म्हणाला.

कोकिळाला ते लागलं. इतकी वर्षं ज्याच्यामागून सगळे म्हणत आले त्याला एका वाक्यात मागे बसवलं. तिच्या ओठांवर उत्तर आलं होतं, पण धर्मपालने तिच्याकडे पाहून मान हलवली. जाताना दोन बायका तिच्याशी नेहमीसारख्या बोलल्या. एक बोलली नाही. कोण बोललं नाही हे ती घरी येईपर्यंत विसरू शकली नाही.

जेवण करून तो बाजेवर पडला. तिने भांडी घासली, अंगणवाडीतल्या मुलांसाठी तांदूळ निवडायला घेतले. दसऱ्याच्या आत पुन्हा यवतमाळला जावं लागणार होतं. रस्त्यात पुन्हा पिशवी तपासली तर? डॉक्टर म्हणाल्या आता नको, तर? दुकानात औषधच आलं नसलं, तर? सुपात तांदूळ तसेच राहिले.

मग तिच्या लक्षात आलं, घरात काहीच आवाज नाही. दुपारची वेळ म्हणजे कण्हण्याची वेळ. तिने कान दिला. बाहेर कोळशाचा ट्रक गेला, त्याची घरघर विरली, आणि पुन्हा शांत. सूप खाली ठेवून ती घाईने आत गेली. तो उताणा पडला होता, तोंड किंचित उघडं, उशी दातात नव्हती, डोक्याखाली होती. ती वाकली आणि त्याच्या नाकापुढे हात धरला.

गरम श्वास हाताला लागला. तरी ती हात तसाच धरून उभी राहिली.

"जित्ता हाव मी," तो डोळे न उघडता म्हणाला. "झोपू दे आता."

कोकिळा बाजेच्या पायथ्याशी, जिथे त्याचा पाय असता, तिथे बसली. त्याला झोप लागेपर्यंत ती तिथून उठली नाही.